एकशे अडतीस

घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर जरा रेंगाळला, मग सुटला आणि तपासणी अर्जाच्या बाविसाव्या रकान्यावर पडला. शाई फुटली नाही, कारण रकाना अजून कोराच होता. टेबलापलीकडच्या डॉक्टरांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर होता. शेजारी बसलेल्या आस्थापना शाखेच्या गृहस्थांनी कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं. खिडकी उघडी होती. म्हणजे खोलीत उकडत नव्हतं. अख्ख्या खोलीत घाम एकट्या मला आला होता, आणि मलाही सगळीला नाही. कपाळाला, वरच्या ओठाला, मानेला. शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत. तिसऱ्या बटणाखाली मी कोरडी ठणठणीत असणार, हे मला हात लावून बघायची गरज नव्हती. चोवीस वर्षं वजनमापं तपासली आहेत. पोत्याचा वरचा थर ओला आणि खालचा सुका असला की काहीतरी गडबड आहे, एवढं पोतं न उघडताही कळतं.

दंडावरचा पट्टा फुगला, आवळला आणि सुस्कारा टाकून सैल पडला. "एकशे अडतीस, शहाऐंशी," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. "अहो, कमाल केलीत तुम्ही. मागच्या खेपेला अठ्ठ्याऐंशी होता. काय खाल्लंत काय सहा महिने?" आस्थापनावाले गृहस्थही हसले. त्यांचं हसणं नेहमी डॉक्टरांच्या मागून एका सेकंदाने येतं, हे मी मागच्या खेपेलाच टिपून ठेवलं होतं. "या वयाला हा अगदी उत्तम आकडा," डॉक्टर म्हणाले आणि पेनाचं टोपण काढायला लागले. त्यांचं टोपण फिरकीचं आहे. साडेचार फेरे लागतात. माझ्याकडे साडेचार फेऱ्यांएवढा वेळ होता.

माझा रक्तदाब ब्याण्णव-साठ असतो. गेले अकरा महिने सकाळ, दुपार, संध्याकाळ वहीत लिहिलेला आहे. बसले असताना ब्याण्णव, कधी चौऱ्याण्णव, वाईट दिवशी शहाऐंशी. ज्या बाईचा काटा ब्याण्णववर स्थिर असतो, तिचा एकदम एकशे अडतीस होतो, याचा अर्थ ती सुधारली असा नसतो. तिच्या शरीरात, जिथलं तिला काही कळत नाही अशा भागात, काहीतरी आग लागलेली असते. कण्याला मार लागलेल्यांना हे होतं. काहीतरी टोचतं, दाबतं, तुंबतं. खालचं शरीर ओरडतं, पण ती ओरड वर मेंदूपर्यंत पोचत नाही, आणि 'आवर' हा निरोपही वरून खाली पोचत नाही. मग खालच्या सगळ्या शिरा एकदम आवळतात आणि रक्त वर उसळतं. डॉक्टरांकडे याला एक लांबलचक नाव आहे. आम्ही घरी उसळी म्हणतो. उलट प्रकाराला, बसल्याबसल्या दाब खाली जाऊन डोळ्यांपुढे काजवे येतात त्याला, आम्ही बुडी म्हणतो. बुडीने माणूस फारतर बेशुद्ध पडतो. उसळीने मेंदूतली शीर फुटू शकते.

आणि डॉक्टरांना एकशे अडतीस आवडला होता.

मौज अशी की मलाही आवडला होता. खोटं कशाला बोलू. मागच्या खेपेला याच खोलीत, याच टेबलाशी, याच यंत्राने अठ्ठ्याऐंशी दाखवला, तेव्हा या डॉक्टरांनी चक् केलं होतं आणि लिहिलं होतं, 'रक्तदाब अतिशय कमी. कर्तव्यावर भोवळ येण्याचा संभव. तूर्त अयोग्य. सहा महिन्यांनी अखेरची तपासणी.' अखेरची या शब्दाखाली आस्थापनावाल्यांनी पट्टी लावून रेघ ओढली होती. आज अयोग्य ठरले तर आजारपणाच्या कारणावरून निवृत्ती. एक निरोपाचा हार, आणि मग खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वजनं डोळ्यांनी करायची. माझ्या नणंदबाई तर अपघात झाल्यापासून म्हणताहेत, "वहिनी, आता बास की. इतकी वर्षं दुकानदारांना पिडलंत, आता त्यांना जरा सुखाने जगू द्या." आणि इथे ज्या एका आकड्यामुळे मी अयोग्य ठरले होते, तोच आकडा माझ्या रोगाने स्वतः दुरुस्त करून दिला होता. मी फक्त गप्प बसायचं होतं. सही व्हायला दोन मिनिटं. बाहेर पडून कारण शोधायला आणखी तीन. पाच मिनिटांत कोणाची शीर फुटते? एखाद्याची फुटते. बहुतेकांची नाही फुटत. डोक्यात मागच्या बाजूला ठोके सुरू झाले होते, कोणीतरी शेजारच्या घरात भिंतीला खिळा मारत असल्यासारखे.

टोपणाचा दुसरा फेरा चालू होता. मला थोरले साहेब आठवले. मी नोकरीला लागले तेव्हाचे माझे वरिष्ठ, बुटके, कानात केस, खिशात नेहमी पन्नास ग्रॅमचं पितळी वजन. पहिल्याच दिवशी ते मला बाजारात घेऊन गेले आणि एका फळवाल्यासमोर उभं केलं. फळवाला घाईघाईने पारड्यात फळं टाकायला लागला. साहेबांनी त्याचा हात धरला. मला म्हणाले, "पारडं रिकामं असताना बघ, पोरी. भरल्यावर सगळेच खरे दिसतात." मी वाकून पाहिलं, तर रिकाम्या पारड्याचा काटा शून्यावर नव्हता, बोटभर पुढे होता. पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला. फळवाला म्हणाला, "साहेब, तो आपोआप चिकटला असेल." चोवीस वर्षांत मी हे वाक्य निदान चारशे वेळा ऐकलं आहे. मेण आपोआप चिकटतं, स्प्रिंग आपोआप ताणते, वजनाच्या बुडातलं शिसं आपोआप नाहीसं होतं. खोटं वजन करणारा माणूस कधीच म्हणत नाही की मी केलं. तो फक्त गप्प बसतो आणि काट्याला बोलू देतो.

पडले तेव्हाही मी वजनच बघायला गेले होते. मालट्रक तोलायचा मोठा काटा. त्याच्याखाली खड्डा असतो, त्यात तुळया असतात, आणि खड्ड्यात उतरल्याशिवाय तुळयांवर काय साठलंय ते कळत नाही. काटेवाला म्हणत होता, "मॅडम, तुम्ही कशाला उतरता, आतून साफ आहे." साफ आहे म्हटल्यावर मी उतरणारच. शिडीची तिसरी पायरी निसटली आणि मी पाठीवर तुळईवर पडले, दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध. दुखलं नाही. ते फार विचित्र वाटलं. वर चौकोनी आभाळ दिसत होतं आणि त्यात काटेवाल्याचं तोंड. मला तुळयांवर साठलेला चिखल दिसत होता, चांगला वीतभर, आणि मी त्याला म्हणाले, "हे साफ आहे होय?" मग पाय हलवायला गेले आणि पाय तिथे नव्हते. म्हणजे होते, दिसत होते, बूट सुद्धा दिसत होते, पण ते दुसऱ्या कोणाचेतरी आणून ठेवल्यासारखे.

अतिदक्षता विभागात पहिले आठ दिवस माझ्या अंगावर एकच आकडा होता. पंच्याऐंशी. वरचा आणि खालचा दाब मिळून एक सरासरी काढतात, ती पंच्याऐंशीच्या खाली जाऊ द्यायची नाही. मनगटात सुई, मानेत सुई, औषधाचा पंप, आणि पडद्यावर हिरवा आकडा. तिथे एक परिचारिका होती, हाडापेराने मजबूत, आवाज घोगरा. मी तिचं नाव पंच्याऐंशीबाई ठेवलं होतं. आकडा त्र्याऐंशी झाला की ती पंपाकडे अशी बघायची की पंपालाच घाम फुटावा. मी तिला विचारलं, "याने पाय परत येतात का?" ती सरळ बाई होती. म्हणाली, "तसं लिहून कोणी देत नाही. मार लागलेल्या नसेला रक्त कमी पडू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. जे वाचायचं असेल ते वाचावं म्हणून." मग जरा थांबून, "पण माझ्या पाळीत तुम्ही पंच्याऐंशीखाली गेला नाहीत, हे मी लिहून देते." माझ्यासारखीच जात. मला त्या क्षणी तिचा इतका आधार वाटला की रडूच आलं असतं, पण रडल्यावर आकडा वर जातो की खाली हे माहीत नव्हतं, म्हणून रडले नाही.

काय वाचलं? उजव्या पायाच्या अंगठ्यात थोडीशी हालचाल आणि डाव्या मांडीत एक तळहाताएवढा तुकडा, जिथे गार-गरम कळतं. बाकीचं नाही. बाकीचं सगळं शिकावं लागलं. त्यात सगळ्यात आधी बसणं. बसणं ही शिकायची गोष्ट आहे, हे जन्मापासून बसत आलेल्या माणसाला पटत नाही. मला एका टेबलाला पट्ट्यांनी बांधायचे आणि टेबल हळूहळू उभं करायचे. व्यायाम घेणारा तरुण सारखा अंश मोजायचा, तीस अंश, पस्तीस अंश, म्हणून त्याला आम्ही अंशराव म्हणायचो. तीस अंशांवर मला कानात समुद्र ऐकू यायचा, पस्तीसवर अंशरावांचं तोंड करडं व्हायचं, चाळीसवर कोणीच नसायचं. शुद्धीवर आले की वही उघडायला लावायचे. किती होता? सत्तर. उद्या परत. मीठ घालून पाणी प्या, पायात घट्ट मोजे, पोटाला पट्टा. रक्ताला खाली जायची सवय लागलेली असते, त्याला चिमटीत धरून वर ठेवायचं.

पट्टा रुग्णालयाचा होता. काखेखाली सरकायचा आणि कातडी लाल करायचा. मला कळायचंच नाही, मास्तरांना दिसायचं. मास्तर म्हणजे माझे यजमान. शिंपी आहेत. गिऱ्हाइकं मास्तर म्हणतात म्हणून मीही म्हणते, आणि ते मला साहेब म्हणतात. आमची खरी नावं घरात वापराअभावी गंजली असतील. मास्तरांनी तो पट्टा दोन दिवस निरखला, तिसऱ्या दिवशी गळ्यातली टेप काढून माझं पोट मापलं आणि म्हणाले, "साहेब, हे ज्याने शिवलंय त्याने आयुष्यात कधी पोट पाहिलेलं नाही." घरी जाऊन त्यांनी नवा शिवून आणला. आतून मऊ, कडेला गोट, चार बंद वेगवेगळे आवळता येणारे. त्या पट्ट्यावर मी पहिल्यांदा साठ अंशांना पाच मिनिटं टिकले. अंशरावांनी पट्ट्याचा फोटो काढला. पुढच्या महिन्यात त्या विभागातल्या सात रोग्यांच्या पोटावर मास्तरांचे पट्टे होते. सातही जणांची मापं त्यांना आजही पाठ आहेत.

अशी ती चढण. सत्तरपासून ब्याण्णवपर्यंत. लोकांना वाटतं ब्याण्णव म्हणजे कमी. मला विचारा. तो एकेक आकडा मी मीठ पिऊन, बुड्या खाऊन, परत उठून मिळवलेला आहे. ब्याण्णववर मी जेवते, भांडते, अंघोळ करते, चाकाच्या खुर्चीवरून दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानांत जाते. तिथे गंमत कळली. खुर्चीत बसल्यावर माझे डोळे बरोबर पारड्याच्या पातळीला येतात. उभ्या माणसाला काटा वरून तिरका दिसतो, त्याला वाकावं लागतं, आणि दुकानदारांसमोर वाकायला निरीक्षकांना जिवावर येतं. मला आता वाकायचं कामच उरलं नाही. आमच्या वाण्याने मला मागच्या महिन्यात म्हटलं, "मॅडम, तुम्ही उभ्या होतात तेव्हा बरं होतं हो." चोवीस वर्षांच्या नोकरीत यापेक्षा चांगला शेरा मला मिळालेला नाही.

टोपण निघालं. डॉक्टरांनी ते पेनाच्या मागे लावलं, अर्ज स्वतःकडे ओढला, रकान्यावरचा ओलेपणा रुमालाने टिपला आणि लिहिलं, १३८/८६. त्यांचं अक्षर सुरेख आहे. एकाचं डोकं गोल, तीनला पोट, आठ म्हणजे एकच वळण, न अडखळता काढलेलं. इतकं खोटं वजन इतक्या सुंदर अक्षरात मी याआधी पाहिलं नव्हतं. मी त्या आठकडे पाहिलं. आणि मला पारड्याखालचा मेणाचा गोळा दिसला, आणि गोळा चिकटवणारा हात माझा होता. तो आपोआप चिकटला असेल, साहेब.

दुसरा थेंब पडला.

"डॉक्टर, थांबा," मी म्हणाले. "हे वजन खोटं आहे."

"वजन अजून घेतलेलं नाही," आस्थापनावाले म्हणाले. "तो चोविसावा रकाना."

"दाबाबद्दल बोलतेय. माझा नेहमीचा ब्याण्णव आहे. हा सेहेचाळीसने वर आहे. खाली कुठेतरी काहीतरी अडकलंय. परत मोजा."

डॉक्टर वाईट मनुष्य नाहीत. पण ज्याने नुकताच सुंदर आठ काढलाय त्याला खोडायला सांगितलं की जे होतं, ते त्यांचं झालं. "ताई, तपासणीच्या वेळी थोडा ताण येतोच. घाबरलात तुम्ही. जरा त्या बाकावर आडव्या व्हा, शांत पडा, बरं वाटेल."

"आडवी झाले तर डोक्यात आणखी चढेल. मी आहे अशीच बसणार. तुम्ही यंत्राचं बटण दाबा, आणि बाहेर आमचे यजमान बसलेत, त्यांना हाक मारा. उसळी आलीय म्हणा."

माझ्या आवाजात बाजारात येतो तो सूर आला असावा. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि आस्थापनावाले चक्क उठले. पट्टा आवळला. एकशे छप्पन्न, शहाण्णव. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते खुर्ची मागे सारून माझ्या बाजूला आले, नाडीवर बोटं ठेवली आणि आता जरा निराळ्या आवाजात म्हणाले, "काय करायचं असतं तुमचं?" मला हा प्रश्न आवडला. वीस वर्षं डॉक्टरकी करून असा प्रश्न विचारायला छाती लागते.

मास्तर आत आले ते गळ्यात टेप तशीच. ते कुठेही जातात, टेप गळ्यात असते. एकदा एका लग्नात लोकांनी त्यांच्याकडून मंडपाचं कापड मापून घेतलं होतं. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि बाकी कोणाकडे पाहिलंच नाही. "किती?"

"छप्पन्न. एकशे."

"पट्टा," ते म्हणाले आणि पोटाचे चारही बंद एका दमात सोडले. बुटांच्या नाड्या सैल केल्या. पाठीमागे हात घालून शर्टाची घडी पाहिली, बुडाखाली काही टोचतंय का पाहिलं. नाही. मग गुडघ्यावर बसून पँटचा पाय वर सारायला गेले. पाय वर जाईना. "पिशवी कितीला भरली होती?" त्यांनी विचारलं. लघवीची नळी मांडीवरून खाली येते आणि पोटरीला बांधलेल्या पिशवीत जाते. "सकाळपासून बघितली नाही," मी म्हणाले. मास्तरांनी कापडावरूनच पोटरी चाचपली. "रिकामी आहे," ते म्हणाले. सकाळी सातपासून अकरापर्यंत मी तीन पेले पाणी प्यायले होते, आणि पिशवी रिकामी. पारडं रिकामं असताना बघ, पोरी. तेवढंच बघायचं राहिलं होतं.

मास्तरांचा हात गुडघ्याशी येऊन थांबला. मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मलाही कळलं.

ती पँट नवी होती. आजच्या दिवसासाठी खास शिवलेली, खात्याच्या रंगाची. गेले एकोणीस महिने मी ढगळ, नाडीच्या विजारी घालत होते. त्यांत सोय होती, पण त्या घालून मी रोगी दिसायचे. मी मास्तरांना म्हटलं होतं, "तपासणी मंडळासमोर मला निरीक्षक दिसायचंय." आणि मास्तरांनी आयुष्यातली सगळी कला पणाला लावली होती. बसलेल्या माणसाची पँट वेगळी कापावी लागते, मागून उंच, पुढून आखूड, म्हणजे मांडीवर चुण्या पडत नाहीत. गुडघ्याला बेताची, पाय निमुळता, आणि आतल्या बाजूने दुहेरी शिवण, पोलादासारखी. सकाळी आरशासमोर खुर्ची नेऊन त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी माझ्याकडेच पाहत राहिले. इस्त्रीची धार कंबरेपासून बुटापर्यंत एका रेघेत. "शिंप्याची बायको शोभतेस," ते म्हणाले होते. "निरीक्षकाचा नवरा शोभता," मी म्हणाले होते. आणि त्या सगळ्या शोभेत गुडघ्याच्या आत ती दुहेरी शिवण नळीवर बसली होती, चिमट्यासारखी. मीठ, पाणी, वही, दीड वर्षाची शिस्त, आणि आम्हा दोघांना मिळून आडवा आला तो आमचा तोरा.

"माझीच शिवण आहे," मास्तर म्हणाले. एवढंच. मग त्यांनी शर्टाच्या खिशातली छोटी कात्री काढली. क्षणभर त्यांचा अंगठा त्या शिवणीवरून फिरला, जणू शेवटचं बघून घेतलं. मला वाटलं ते टाके एकेक उसवतील. त्यांनी उसवलं नाही. गुडघ्यापासून खालपर्यंत सरळ कापड कापलं, चर्र करून, धारेला धार लावून. चौदा वर्षांच्या संसारात त्यांनी स्वतःच्या हातचं कापड फाडताना मी पहिल्यांदा पाहत होते. नळी मोकळी झाली. त्यांनी ती बोटांनी सरळ केली. पिशवी हळूहळू फुगायला लागली. तीन अनोळखी-ओळखी पुरुष माझ्या पोटरीकडे टक लावून बघत होते, आणि मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. पिशवीवर आकडे छापलेले असतात. शंभर. दोनशे. मास्तर ते मोठ्याने वाचत होते. चारशे.

खिळा ठोकणारा शेजारी थकला. मानेवरचा घाम गार लागायला लागला. डॉक्टरांनी न सांगता बटण दाबलं. एकशे चोवीस. पाच मिनिटांनी एकशे सहा. मास्तरांनी पोटाचा पट्टा परत बांधला, दोन बंद घट्ट, दोन सैल, कारण उसळीनंतर कधीकधी बुडी येते. आणखी पाच मिनिटांनी चौऱ्याण्णव, साठ.

"हा माझा शून्य," मी म्हणाले. "इथून मोजायचं."

डॉक्टर आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मग आस्थापनावाल्यांनी घसा साफ केला. "पण मग डॉक्टरसाहेब, रकान्यात काय? चौऱ्याण्णव लिहिलं तर मागच्यासारखंच…"

"तोच विचार करतोय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी १३८ कडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही गप्प बसला असतात तर तुम्हाला मी योग्य ठरवलं असतं. लक्षात आलं ना तुमच्या?"

"तुमच्या आधी आलं."

"मग?"

"डॉक्टर, मी चोवीस वर्षं लोकांची खोटी वजनं पकडलीत. स्वतःचं चालवून नोकरी परत घेतली, तर परत जाऊन कोणत्या तोंडाने पकडू?"

ते खुर्चीत मागे टेकले. "तत्त्व ठीक आहे. मला कागदावर पुरावा लागतो. चौऱ्याण्णव दाब असलेली व्यक्ती काम करू शकते, भोवळ न येता, डोकं जाग्यावर ठेवून. याला पुरावा काय?"

मास्तर वही काढायला पिशवीकडे वळले. मी म्हटलं, "वही आहे, दीड वर्षाची आहे, ती लावा हवी तर अर्जाला. पण पुरावा कशाला शोधताय? गेली दहा मिनिटं तुमच्याशी भांडतेय ती काय एकशे अडतीसवर भांडतेय?"

आस्थापनावाले हसले. डॉक्टरांच्या आधी हसले, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. मग डॉक्टरही हसले, वही घेतली, आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. भराभर उलटतील असं वाटलं होतं. नाही उलटली. सत्तर, बहात्तर, अडुसष्ट, बुडी, बुडी, शहात्तर. ओठ हलवत वाचत होते. मधेच एकदा म्हणाले, "अडुसष्टनंतर परत दुसऱ्या दिवशी बसलात?" मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी नाही. त्याच दुपारी." त्यांनी मान हलवली. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे होते, पण त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसली. शिंप्याच्या बायकोला पाठी वाचता येतात.

डॉक्टरांनी १३८ वर एक रेघ मारली, आडवी, सरळ, शेजारी छोटी सही केली. त्याखाली लिहिलं, ९४/६०. आणि शेरा म्हणून, बोलत बोलत, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून: "हाच या कर्मचाऱ्याचा स्थिर दाब समजावा. यावरून तुलना करावी. कामास योग्य. खड्ड्यात उतरू नये." शेवटचं वाक्य लिहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे शेवटचं मान्य?"

"खड्ड्यात माझा मदतनीस उतरेल. मी वर बसून विचारीन, साफ आहे होय."

सही झाली. शिक्का उठला. आस्थापनावाल्यांनी अर्जावर फुंकर घातली. मास्तरांनी फाटलेली पँट दोन टाचण्यांनी गुडघ्याशी जुळवली आणि हळूच विचारलं, "उद्या काय घालणार साहेब? ढगळ विजार काढून ठेवू?"

"हीच घालणार. पायात दोन बोटं कापड वाढवा, आणि शिवण बाहेरून घ्या. दिसू दे."

"बाहेरून शिवण बरी दिसत नाही."

"नळीला विचारा."

मास्तरांनी खुर्चीची मूठ धरली. पण मी चाकं धरून ठेवली होती. आत आल्यापासून एक गोष्ट डोळ्यांत सलत होती. आधी बोलले असते तर वाटलं असतं आकड्यावर चिडलीय म्हणून बोलतेय. आता अर्ज डॉक्टरांच्या हातून सुटून आस्थापनावाल्यांच्या फायलीत गेला होता. "डॉक्टर," मी म्हणाले, "ते दाबाचं यंत्र जरा माझ्याकडे वळवा. डावी बाजू."

त्यांनी वळवलं. डाव्या बाजूला आमच्या खात्याची पडताळणीची चिठ्ठी होती, कोपऱ्यातून सुटलेली. तारीख, मुदत एक वर्ष, आणि खाली लपेटीची सही. ती सही माझी होती. पडायच्या दोन महिने आधीची. तेव्हा मी उभी होते, आणि या यंत्रासमोर वाकले होते.

"मुदत संपून नऊ महिने झाले," मी म्हणाले. "माझ्यानंतर इथे कोणी आलेलंच नाही."

डॉक्टरांचा हात फायलीकडे गेला. "म्हणजे आजचे आकडे…"

"आजचे राहू द्या. चुकत असेल तर छप्पन्नलाही तेवढंच चुकलं आणि चौऱ्याण्णवलाही तेवढंच. फरक खरा आहे. पण मागच्या खेपेचा अठ्ठ्याऐंशी, आणि गेले नऊ महिने या टेबलाशी जी माणसं योग्य-अयोग्य झाली त्यांचे आकडे, ते मला बघावे लागतील."

"मॅडम," आस्थापनावाले म्हणाले, "तुम्ही उद्यापासून रुजू आहात. आजच्या तारखेला तुम्हाला अधिकार नाही."

नियमाने त्यांचं बरोबर होतं. बरोबर माणसाशी मी कधी वाद घालत नाही. मी चाकं सोडली, मास्तरांनी खुर्ची दाराकडे वळवली, फाटका पाय वाऱ्याने फडफडला. दारातून मी मान वळवली.

"मग उद्या अकराला येते," मी म्हणाले. "तोवर तो पट्टा कोणाच्या दंडाला बांधू नका. मला तो आधी रिकामा बघायचाय."